वाळू पाठवायची की वाळूचे वर्णन?

क्रिकेटच्या एखाद्या मोठ्या स्पर्धेचा समारोप तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल. विजेता कर्णधार करंडक उंचावतो, वरून चकचकीत कागदाच्या कपट्यांचा पाऊस पडू लागतो, आणि नेमके त्याच क्षणी चित्र बिघडते. खेळाडूंच्या चेहऱ्यांवर चौकोनी ठिगळे दिसू लागतात, कपट्यांच्या जागी नुसते रंगीत डाग उरतात. आपण केबलवाल्याला बोल लावतो. त्या बिचाऱ्याचा येथे काही अपराध नसतो. दुसरी गोष्ट पाहा. चेंडूमागे कॅमेरा सीमारेषेकडे झपाट्याने वळतो तेव्हा मैदानावरचे गवत हिरव्या चटणीसारखे दिसते. हे काही अंशी कॅमेऱ्याच्या वेगामुळे होते हे खरे. पण कॅमेरा थांबल्यावरही गवताची पाती लगेच दिसत नाहीत, किंचित उशिराने उगवल्यासारखी वर येतात. हा उशीर कॅमेऱ्याचा नव्हे. पुढच्या सामन्यात लक्ष ठेवून पाहा.

कपटे, गवत, लाटा, धूर, वाळू या मंडळींनी चित्रे पाठवणाऱ्या अभियंत्यांना फार छळले आहे. त्यांच्यावर आता एक चतुर उपाय निघाला आहे. तो उपाय मला तुम्हाला समजावून सांगायचा आहे, आणि तो कोठे वापरावा व कोठे वापरू नये याविषयी माझे जे मत आहे तेही मांडायचे आहे. हा उपाय मला मनापासून आवडतो, आणि त्याची मला थोडी धास्तीही वाटते.

प्रथम हिशोब करू. आजच्या साध्या टीव्हीवरच्या एका चित्रात १०८० ओळी आणि दर ओळीत १९२० चित्रबिंदू असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येकी एक बाइट धरला तर एका चित्राला ६२,२०,८०० बाइट लागतील. सेकंदाला २५ चित्रे धरली तर दर सेकंदाला १५,५५,२०,००० बाइट, म्हणजे सुमारे १२४ कोटी बिटे. आणि घरी प्रत्यक्षात सेकंदाला ५० लाख बिटे आली तरी चित्रपट सुरळीत दिसतो! म्हणजे माहिती जवळजवळ अडीचशेपटींनी आवळली गेली. हिला संक्षेपण म्हणतात. बोलताना आपण कॉम्प्रेशन म्हणतो.

ही किमया मुख्यतः दोन युक्त्यांवर चालते. पहिली युक्ती अंदाजाची. बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या मागची भिंत या चित्रात आहे तशीच पुढच्या चित्रातही असणार. मग ती पुन्हा कशाला पाठवायची? ‘मागच्याप्रमाणेच’ एवढे सांगितले की पुरे. मोटार डावीकडून उजवीकडे गेली तर ‘हा तुकडा उचलून इतके बिंदू पलीकडे ठेव’ असे सांगायचे. अंदाज आणि खरे चित्र यांत जी तफावत उरेल तेवढीच पाठवायची. दुसरी युक्ती त्या तफावतीचे छोटे चौकोन पाडून त्यांतील सावकाश बदलणारा भाग आणि भरभर बदलणारा भाग वेगळे करण्याची. भरभर बदलणारा भाग डोळ्याला फारसा जाणवत नाही, म्हणून तो ओबडधोबड आकड्यांत पाठवला तरी चालतो. ही विभागणी करणारे गणित नासिर अहमद, नटराजन आणि राव या तिघांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. अहमद मूळचे बंगळूरचे. या कामासाठी त्यांनी अमेरिकेत १९७२ मध्ये अनुदान मागितले होते, ते मिळाले नाही. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमधील बहुतेक प्रत्येक छायाचित्रात आणि चलच्चित्रात हे गणित किंवा त्याचे भाऊबंद काम करीत आहेत.

आता कपट्यांचा पाऊस या दोन युक्त्यांपुढे ठेवून पाहा. कोणता कपटा पुढच्या क्षणी कोठे जाईल, याचा अंदाज मागच्या चित्रावरून येत नाही. प्रत्येक कपटा गिरक्या घेत क्षणात चमकतो, क्षणात काळवंडतो. पहिली युक्ती बाद. सगळे चित्रच भरभर बदलणाऱ्या बारकाव्यांनी भरलेले. दुसरीही लंगडी पडली. वाहिनीकडे बिटांचा शिधा तर मोजकाच. मग तो सगळ्यांत वाटताना खेळाडूंच्या चेहऱ्यांवरही उपासमार होते आणि ठिगळे दिसू लागतात.

यामागे एक खोल तत्त्व आहे. ते क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली मांडले. शॅनन तेव्हा बेल प्रयोगशाळेत होते. (या प्रयोगशाळेचे नाव लेखात पुन्हा येणार आहे, म्हणून ध्यानात ठेवा.) संदेशात माहिती किती आहे हे त्याच्या अर्थावरून ठरत नाही, तर पुढे काय येणार याची आपल्याला किती अनिश्चितता आहे यावरून ठरते, असे शॅनन यांचे म्हणणे. ‘सूर्य उद्या उगवेल’ या तारेत माहिती शून्य. नाणे शंभर वेळा उडवून आलेल्या छापा-काट्यांची यादी मात्र शंभर बिटांपेक्षा कमी जागेत बसवण्याची कोणतीही खात्रीची रीत नाही. मौज अशी की, या मोजपट्टीने शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या चित्रापेक्षा त्याच आकाराच्या मुठभर वाळूच्या चित्रात माहिती अधिक भरते! पुतळ्याला कडा आहेत, सपाट भाग आहेत, ओळखीचा आकार आहे. वाळूत प्रत्येक कण आपल्या मनाचा राजा.

पण तुम्ही मला सांगा, समुद्रकिनाऱ्याचे छायाचित्र पाहताना तुम्ही कधी वाळूचे कण मोजले आहेत का? तिसऱ्या ओळीतला सतरावा कण काळा होता की पांढरा, हे कोणी विचारते का? म्हणजे जी गोष्ट पाठवायला सर्वांत महाग, तिचीच पाहणाऱ्याला सर्वांत कमी किंमत. या विसंगतीतूनच तो उपाय निघाला आहे.

वर्णन करावे, आणि तिकडे घडवून घ्यावे

आकाशवाणीची श्रुतिका कशी बसवतात ते आठवा. लेखक संहितेत एवढेच लिहितो, ‘मुसळधार पाऊस. मधूनच वीज.’ स्टुडिओतला माणूस पत्र्यावर वाटाणे ओततो, आणि आपण घरी बसून भिजतो. प्रत्येक थेंब कोठे पडला हे लेखकाने लिहिले नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही. चित्रांच्या बाबतीतही हेच करायचे. गवत पाठवायचे नाही. गवताचे वर्णन पाठवायचे, आणि पाहणाऱ्याच्या घरच्या यंत्राने त्या वर्णनाबरहुकूम गवत घडवायचे.

कापडाला जसा पोत असतो तसा चित्रालाही असतो. विटांची भिंत, खादी, पाण्यावरच्या लहरी, झाडाची साल, या सर्वांत तपशील अगणित असतात, पण त्यांची एक जात ओळखू येते. ती जात आकड्यांत कशी पकडायची? बेल प्रयोगशाळेतच बेला युलेस नावाचे हंगेरीहून आलेले संशोधक होते. त्यांनी १९६२ साली ठिपक्यांचे कृत्रिम पोत संगणकाकडून काढून घेतले आणि लोकांना विचारले, यांतला फरक एका दृष्टिक्षेपात कळतो का? दोन पोतांची सरासरी आणि शेजारी-शेजारी ठिपक्यांचे परस्परसंबंध सारखे असतील, तर ठिपके पूर्णपणे वेगळे असूनही डोळा पुष्कळदा फसतो असे त्यांना दिसले. पुढे या नियमाला अपवाद सापडले, आणि ते शोधण्यात स्वतः युलेसही होते, हे मला विशेष वाटते. पण मूळ कल्पना टिकली: डोळा पोताचे ठिपके पाहत नाही, त्याची आकडेवारी पाहतो.

घडवण्याची एक रीत तर शॅनन यांनीच १९४८ च्या लेखात सुचवून ठेवली होती, चित्रांसाठी नव्हे, भाषेसाठी. एखादे पुस्तक घ्या, कोठेही उघडा, एक शब्द टिपा. आता दुसरे कोणतेही पान उघडून तो शब्द येईपर्यंत वाचा, आणि त्याच्या पुढचा शब्द लिहून घ्या. मग त्या शब्दासाठी पुन्हा नवे पान. अशा वीस-पंचवीस शब्दांनंतर जे वाक्य तयार होते त्याला अर्थ नसतो, पण बाज त्या भाषेचा असतो. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर करून पाहा, हसू आवरणार नाही. एफ्रॉस आणि लेउंग या दोघांनी १९९९ साली हीच रीत चित्रबिंदूंना लावली. नव्या बिंदूभोवतीचा परिसर पाहायचा, नमुन्यात तसाच परिसर कोठे आहे ते शोधायचे, आणि तेथल्या बिंदूचा रंग उचलायचा. टिचभर विटांच्या नमुन्यातून संपूर्ण भिंत उभी राहते. बर्लिनच्या हाइनरिख हर्ट्झ संस्थेत २००३ च्या सुमारास अशा पोतनिर्मितीची चलच्चित्रांच्या संक्षेपणाशी सांगड घालण्याचे प्रयत्न झाले. गवत, पाणी असे भाग पाठवणाऱ्या यंत्राने हेरायचे, आणि ते भाग पलीकडच्या यंत्राने घडवायचे.

आणि हे सगळे तुम्हाला नवलाचे वाटत असेल तर एक गोष्ट सांगतो. कानांच्या बाबतीत तुम्ही ही फसवणूक रोजच करून घेता. मोबाइलवर पलीकडचा माणूस बोलायचा थांबला की त्याचे यंत्र आवाज पाठवणे जवळजवळ बंद करते. पण कानात एकदम स्मशानशांतता पसरली तर तुम्ही ‘हॅलो, हॅलो’ करून फोन ठेवून द्याल. म्हणून तुमचाच फोन मंदसा खरखराट तयार करून तुम्हाला ऐकवतो. पलीकडून येते ते फक्त त्या खरखरीचे थोडक्यात वर्णन.

रवाळ चित्रपट

चलच्चित्रांत ही कल्पना आज सर्वांत यशस्वी झाली आहे ती फिल्मच्या रव्याच्या बाबतीत. जुना चित्रपट पडद्यावर पाहिलात तर सपाट आकाशही सपाट नसते. त्यावर बारीक दाणे सतत सळसळत असतात. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात, त्यांच्या वेड्यावाकड्या मांडणीमुळे ही सळसळ उमटते. चांगल्या तुपाला जसा रवाळपणा, तसा तो चित्रपटाला शोभतो. दिग्दर्शकांना तो हवा असतो. आता फिल्म न वापरताही काहीजण मुद्दाम घालतात. पण प्रत्येक चित्रात दाणे नव्या जागी, म्हणजे अंदाज करणाऱ्याची पुरती त्रेधा.

२०१८ मध्ये ‘एव्ही१’ या नावाचे संक्षेपणाचे खुले प्रमाण प्रसिद्ध झाले. त्यात रव्याची सोय प्रमाणाचाच भाग म्हणून केलेली आहे. ती अशी: पाठवण्यापूर्वी चित्रातला रवा चाळणीने गाळून काढतात. गाळलेले तुळतुळीत चित्र नेहमीच्या रीतीने आवळतात; ते फार थोड्या बिटांत बसते. मग मूळ चित्र आणि गाळलेले चित्र यांची वजाबाकी करून निघालेल्या रव्याचा, मुख्यतः सपाट जागी, अभ्यास करतात. प्रत्येक दाण्याचा शेजारच्या दाण्यांशी काय संबंध आहे, हे जास्तीत जास्त २४ गुणांकांत लिहितात. उजेडाच्या आणि अंधाराच्या भागांत रवा किती ठळक, याचा फार तर १४ टेकूंचा आलेख. रंगांसाठी आणखी थोडे आकडे. झाले! सगळे मिळून चित्रामागे शे-दीडशे बाइटांच्या आत काम होते. पलीकडचे यंत्र यदृच्छ आकड्यांची माळ तयार करते, त्या गुणांकांच्या गाळणीतून काढून रव्याचा एक लहान गालिचा विणते, त्यातून ३२ बिंदू लांबीरुंदीचे तुकडे कोठूनही कापते आणि तुळतुळीत चित्रावर पसरते. असाच काहीसा प्रकार पूर्वीच्या ‘एच.२६४’ प्रमाणातही होता, पण तेथे तो ऐच्छिक सूचना म्हणून होता, त्यामुळे फारसा वापरात आला नाही. २०२५ मध्ये नेटफ्लिक्सने आपल्या एव्ही१ चित्रपटांसाठी ही सोय मोठ्या प्रमाणावर वापरायला घेतली.

तुमच्या घरी दिसणारा रवा त्या फिल्मवर कधीच नव्हता. दिग्दर्शकाला मात्र हवे होते तेच तुम्हाला दिसले.

एक प्रयोग आणि एक चमत्कारिक निकाल

येथे एक प्रश्न असा येतो, की घडवलेल्या चित्राला गुण किती द्यायचे? वर्षानुवर्षे संशोधक चित्राचा दर्जा एकाच रीतीने मोजत आले. मूळ बिंदूचा आकडा आणि मिळालेल्या बिंदूचा आकडा यांची वजाबाकी करायची, तिचा वर्ग करायचा, सगळ्या बिंदूंची सरासरी काढायची. चूक जेवढी कमी तेवढे चित्र चांगले. ऐकायला किती न्याय्य वाटते! आता एक नाणे आणि कागद घ्या. वाचून पुढे जाऊ नका, खरोखर करा.

नाणे वीस वेळा उडवा. छापा आला तर +१, काटा आला तर –१ लिहा. हा तुमचा ‘मूळ रवा’. त्याच्या शेजारच्या स्तंभात वीस शून्ये लिहा. हे रवा पुसून टाकलेले तुळतुळीत चित्र. तिसऱ्या स्तंभासाठी नाणे पुन्हा वीस वेळा उडवा. हा ‘घडवलेला रवा’. आता चुका मोजा. शून्यांच्या स्तंभात प्रत्येक ठिकाणी फरक १, त्याचा वर्ग १, म्हणून सरासरी चूक १. तिसऱ्या स्तंभात कधी योगायोगाने जुळेल, तेव्हा चूक ०. नाही जुळले तर फरक २ आणि वर्ग ४. निम्म्या वेळा ०, निम्म्या वेळा ४, म्हणून सरासरी २ च्या आसपास. म्हणजे ज्याने पोत साफ पुसून टाकला त्याची चूक १, आणि ज्याने हुबेहूब त्याच जातीचा पोत घडवला त्याची २!

डोळ्याला विचाराल तर निकाल उलट. पुसलेले चित्र मेणाच्या बाहुलीसारखे दिसते, घडवलेले जिवंत वाटते. पण गुणपत्रिकेवर घडवणारा नापास होत राहिला, आणि माझ्या मते ही चांगली कल्पना इतकी वर्षे मागे पडण्याचे एक मोठे कारण हेच आहे. आता चित्राची घडण डोळ्याच्या अंगाने मोजणाऱ्या रीती आल्या आहेत. २००४ साली वांग, बोविक, शेख आणि सिमोन्सेली यांनी सुचवलेली त्यांपैकी एक पुष्कळ वापरली जाते. शिक्षक बंधुभगिनींनो, मोजपट्टी चुकीची धरली तर हुशार मुलगा ढ ठरतो, हे आपल्याला मी सांगायला नको.

गोंगाट कोणता, हे कोणी ठरवायचे?

येथपर्यंत मी या उपायाची तरफदारी केली, आणि चित्रपटांपुरती ती मागे घेणार नाही. आता माझी धास्ती सांगतो.

काही दिवसांपूर्वी एका तालुक्याच्या दोन दिवसांच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. नववीतल्या एका मुलीने ब्राउनियन गतीचा प्रयोग मांडला होता. पाण्यात दुधाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर स्निग्धांशाच्या बारीक गोळ्या सतत थरथरताना दिसतात. रॉबर्ट ब्राउन यांना १८२७ मध्ये परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांत ही थरथर दिसली. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये तिचे गणित मांडले. ती पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांमुळे होते हे पुढे पेरँ यांच्या मोजमापांनी पक्के झाले, आणि अणू-रेणू खरोखर आहेत याविषयीची शंका मिटली. मुलीने सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मोबाइल लावून चित्रण केले होते. प्रदर्शनात तिच्यापाशी होती ती मात्र एका फोनवरून दुसऱ्या फोनवर संदेशातून आलेली प्रत. तिच्यात गोळ्या जागच्या जागी चिकटल्या होत्या. मध्येच एकदा सगळे चित्र हिसका देई आणि पुन्हा स्तब्ध होई.

‘‘सर, काल हलत होत्या हो! मी स्वतः पाहिलं,’’ ती रडवेली होऊन म्हणाली. आमच्यापैकी एकाने प्रयोग फसल्याचा शेरा लिहूनही टाकला होता.

प्रयोग फसला नव्हता. पाठवणाऱ्या यंत्राच्या लेखी ती थरथर म्हणजे निरुपयोगी सळसळ, आणि शिधा वाचवण्यासाठी त्याने ती पुसली. ज्यातून अणूंचा पुरावा मिळाला तेच यंत्राने केर समजून झाडून काढले. मूळ चित्रण तिच्या ताईच्या फोनमध्ये घरी होते. ते आणायला मी तिला सांगितले.

पण नंतर माझ्या मनात दुसराच विचार आला, आणि तो मला जास्त टोचला. समजा, त्या यंत्राने थरथर पुसून वर घडवलेला रवा पसरला असता तर? चित्र हलते दिसले असते. आम्ही परीक्षकांनी माना डोलावल्या असत्या. मुलीने दाण्यांच्या जागा मोजून तक्ता केला असता, आणि तो तक्ता दुधाचा किंवा पाण्याचा नसता, यंत्रातल्या यदृच्छ आकड्यांच्या माळेचा असता! काळजीपूर्वक पाहणाऱ्याला हे पकडता येते. एक मायक्रोमीटर व्यासाची गोळी पाण्यात सेकंदाभरात साधारण आपल्या व्यासाएवढी किंवा थोडी अधिक भरकटते, आणि चौपट वेळ दिला तर सरासरीने दुप्पट दूर जाते. घडवलेला दाणा दर चित्रात नव्याने जन्मतो. त्याच्या भरकटण्यात काळाबरोबर अशी वाढ नसते. पण नववीच्या प्रयोगात इतके कोण पाहणार?

पुसलेले चित्र निदान ‘मी बिघडलो आहे’ असे ओरडून सांगते. घडवलेले चित्र गप्प बसते. हीच माझी धास्ती.

२०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीझल या संगणकतज्ज्ञाने असाच एक प्रकार उघडकीला आणला. झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांत एका बांधकामाचा नकाशा प्रतीसाठी घातला, तेव्हा तीन खोल्यांची वेगवेगळी क्षेत्रफळे प्रतीत एकसारखी उमटली! यंत्र जागा वाचवण्यासाठी सारखे दिसणारे लहान तुकडे एकदाच साठवून पुन्हा पुन्हा वापरीत होते, आणि एका आकड्याच्या जागी दुसरा तसाच दिसणारा आकडा बसत होता. अक्षरे अंधूक नव्हती, डाग नव्हते. प्रत स्वच्छ, सुबक आणि खोटी. कंपनीला नंतर दुरुस्ती करावी लागली. आपण मराठीत प्रतीलाच झेरॉक्स म्हणतो, आणि ‘झेरॉक्स जोडली आहे’ म्हटले की विषय संपतो, म्हणून ही हकिकत मला कधी विसरता येत नाही.

तर मग माझे म्हणणे काय? रवा आणि चित्र यांची शिवण उसवता आली पाहिजे. एव्ही१ च्या रीतीचे मला सर्वांत कौतुक वाटते ते याचेच. तेथे घडवलेला रवा अगदी शेवटी, तुमच्या पडद्यावर जाताना घातला जातो. पुढच्या चित्रांचा अंदाज करताना यंत्र रव्याशिवायचे चित्रच वापरते. वर्णनाचे आकडे फाइलमध्ये वेगळे लिहिलेले असतात. ज्याला हवे त्याला रवा बाजूला काढून, खरोखर काय नोंदले आणि काय पसरले हे पाहता येते. आता ज्या नव्या रीती येत आहेत, ज्यांत असंख्य चित्रांवर शिकवलेली संगणकीय जाळी अंधूक चित्रात स्वतःच बारकावे भरतात, त्यांत ही शिवण बहुधा दिसत नाही. दुरून काढलेल्या मोटारीच्या पाटीवरचा अंक कॅमेऱ्याने पाहिला की जाळ्याने कल्पिला, हे निकालावरून सांगता येत नाही. अशा प्रत्येक फाइलमध्ये ‘एवढा भाग घडवलेला’ अशी खूण सक्तीची असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे काही सहकारी म्हणतात, हा सोवळेपणा झाला. पाहणाऱ्याला आनंद मिळाल्याशी कारण. चित्रपटापुरते मान्य. पण तीच यंत्रे आणि तीच प्रमाणे उद्या चौकातल्या कॅमेऱ्यात, दवाखान्यात आणि तुमच्या प्रयोगशाळेत येतात. एकाचा गोंगाट हा दुसऱ्याचा संदेश असू शकतो. १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेच्याच पेन्झियस आणि विल्सन यांना आपल्या अँटेनात एक खरखर सापडली. दिशा बदला, ऋतू बदला, ती जाईना. त्यांनी अँटेनात घरटे करणाऱ्या कबुतरांना हुसकून लावले, त्यांची घाणही साफ केली. ती खरखर म्हणजे विश्वाच्या बालपणीच्या उष्णतेचा अवशेष निघाली, आणि १९७८ मध्ये त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या यंत्रात मोबाइलसारखी सोय असती, म्हणजे येणारी खरखर गाळून तिच्या जागी घरगुती खरखर घालण्याची, तर?

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आता लोलकाचा आवर्तकाल, पडणाऱ्या चेंडूचे त्वरण अशा गोष्टी मुले मोबाइलच्या चित्रणावरून मोजू लागली आहेत. ते फार चांगले आहे. प्रयोगवहीत उपकरणाचे लघुतम माप लिहायला आपण लावतो, तशीच आणखी एक ओळ घालावी: चित्रण मूळ फाइलीवरून पाहिले की पाठवलेल्या प्रतीवरून, आणि कॅमेऱ्यातल्या ‘सुधारणा’ चालू होत्या की बंद. संदेशातून पाठवण्याऐवजी फाइल तारेने किंवा मेमरी कार्डाने उतरवून घ्यावी. जागा जास्त लागेल, लागू द्या.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी ताईचा फोन घेऊन आली. मूळ चित्रणात गोळ्या मजेत थरथरत होत्या. आम्ही शेरा बदलला. तिने मात्र आपण होऊन दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, एकात मूळ चित्रण, दुसऱ्यात पाठवलेली प्रत. दिवसभर गर्दी बिघडलेल्या प्रतीपुढेच अधिक होती. ‘‘हे का गं हलत नाही?’’ असे लहान मुले विचारत होती, आणि ती त्यांना बिटांच्या शिध्याची गोष्ट सांगत होती.